साडेचार हजारांची टेस्ट सिरीज आणि तिच्यातला शेवटचा रकाना

मी कोल्हापूरजवळ हळदी गावाच्या बाजूला एका गावात दूध संस्थेचा सेक्रेटरी आहे. सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढं किटल्यांची रांग. नमुना काढायचा, मशीनला लावायचा, फॅट आली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) आलं, दर लागला, पावती फाडली, पुढचा. एकवीस वर्षं हेच करतोय. त्यामुळं कुणी आकडा छापून हातात दिला की तो आला कुठनं, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. थोरलीच्या सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या राज्याच्या परीक्षेच्या, टेस्ट सिरीजबद्दल लिहितोय ते त्या खोडीपायीच.

क्लास राजारामपुरीत. नाव लिहीत नाही, कारण पुढं काही तक्रारी आहेत, आणि आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्यांत चौकशी केली तेव्हा प्रकार सगळीकडं उन्नीस-बीस हाच दिसला. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर हॉल, आणि जिन्यात चपलांचा असा ढीग की परत येताना आपली सापडली तर नशीब. पीसीएमच्या (भौतिक, रसायन, गणित) बारा पूर्ण टेस्ट, साडेचार हजार रुपये. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत, बहुतेक रविवारी. सकाळचं संकलन आटपलं की मी स्प्लेंडरवरनं पोरीला सोडायचो, तिचे तीन तास होईपर्यंत जनता बाजार चौकात चहा, पेपर, ओळखीचं कुणी भेटलं तर गप्पा.

आधी चांगलं सांगतो, कारण पैसे ज्यासाठी द्यावेत ते हेच आहे. हॉल खरा परीक्षेसारखा. प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर, शेजाऱ्याच्या पडद्यावर नजर जाऊ नये म्हणून मध्ये प्लायवूडचे आडोसे, रफ कामाला कोरे कागद, मोबाईल खाली जमा. आमची पोरगी घरी वहीत गणितं सोडवते तेव्हा झकास सोडवते. पडद्यावरचा प्रश्न वाचायचा, मान खाली घालून कागदावर सोडवायचा, परत मान वर करून चार पर्यायांतला एक टिचकवायचा, ह्यात तिचे पहिल्या टेस्टला हाल झाले. मान दुखली म्हणाली. नऊ प्रश्न कोरे ठेवून आली होती. सीईटीला चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत हे तिला माहीत होतं, पण शेवटच्या पाच मिनिटांत डोकं चालेल तर शपथ. बाराव्या टेस्टपर्यंत एकही प्रश्न कोरा राहायचा बंद झाला. साडेचार हजारांतले तीन हजार मी ह्या एका गोष्टीला लावतो.

आता तक्रारी. पहिली छोटी. सीईटीचा पीसीएमचा पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५०, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५०, प्रत्येकी दोन गुण. पहिली ९० मिनिटं भौतिक-रसायन. ती संपली की ते दार बंद, मग ९० मिनिटं फक्त गणित. ह्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दोन टेस्टना तिन्ही विषय एकदमच उघडे होते, वर घड्याळ १८० मिनिटांचं. पोरीनं रसायन तासाभराच्या आत गुंडाळलं आणि उरलेला वेळ गणितात ओतला. मार्क छान दिसले. मी पेढे आणायच्या बेतात होतो. खऱ्या परीक्षेत ही चैन नसते. दोन-तीन पालकांनी ओरडा केल्यावर तिसऱ्या टेस्टपासून कुलूप बसलं.

दुसरी जरा मोठी. कॉम्प्युटर साठ-पासष्ट आणि पोरं दोनशेच्या घरात, म्हणून एकच पेपर तीन बॅचना. सकाळची बॅच सुटली की खाली वडापावच्या गाड्यावर दुपारची बॅच उभी. "गणिताचा तेविसावा बघून ठेव," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. खुद्द सीईटीला लाखो पोरं असतात, सगळी एकाच वेळी बसवता येत नाहीत. म्हणून तिथं दिवसाला दोन सत्रं, बरेच दिवस, आणि प्रत्येक सत्राला वेगळा पेपर. पेपर वेगळा म्हटल्यावर एखादा सोपा, एखादा अवघड निघणारच. अवघडवाल्यांवर अन्याय नको म्हणून तिथं गुण थेट तोलतच नाहीत. त्या सत्रात तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी गुण असलेली पोरं किती, भागिले सत्रात बसलेली एकूण पोरं, गुणिले शंभर. हे झालं पर्सेंटाइल. सत्रातल्या पहिल्या पोराला १७० पडले असले तरी त्याचं पर्सेंटाइल शंभरच. आमच्या भावकीत एकाला हे पटेना. "शंभर म्हणजे पैकीच्या पैकी," असं तो अजून सांगत फिरतो.

सत्राचा हिशोब सत्रातच होतो, म्हणून एखादं सत्र बिघडलं तर नुसते चार गुण वाढवून ते दुरुस्त होत नाही. २०२५ ला २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या, तर त्या सत्रातल्या पोरांची ५ मे रोजी परत परीक्षा घ्यावी लागली. आमचीचं सत्र सुदैवानं दुसरं होतं. पण त्या दिवशी संस्थेत रांगेतल्या बायकासुद्धा फॅटऐवजी पर्सेंटाइलवर बोलत होत्या.

असला न्याय दुधाला लावून बघा. म्हशीचं दूध, ६ फॅट आणि ९ एसएनएफ हा पायाचा दर. तुमच्या म्हशीनं ७ दिली तर ७ चा दर. शेजाऱ्याच्या म्हशीनं काय दिलं ह्याच्याशी तुमच्या पावतीचा काही संबंध नाही. मी उद्या म्हटलं, "मावशी, आज गावातल्या शंभरातल्या ऐंशी म्हशी तुमच्या म्हशीच्या खाली आहेत, म्हणून तुम्हाला ऐंशीचा दर," तर किटली माझ्या डोक्यात बसेल. आणि बसावीच. पण सीईटीला शेवटी जागा वाटायच्या असतात, जागा मोजक्या, म्हणून तिथं पुढं कोण आणि मागं कोण हेच विचारावं लागतं. ते मला मान्य आहे. माझं भांडण त्या मापाशी नाही, ते माप क्लासच्या चार भिंतींत कसं लावतात त्याच्याशी आहे.

तिसऱ्या टेस्टला पोरीला ११८ गुण पडले, पर्सेंटाइल ९१.३०. सहाव्या टेस्टला १३१ गुण, पर्सेंटाइल ८३.९७. गाडीवर मागं बसली ती रंकाळ्यापर्यंत बोललीच नाही. पुईखडीच्या चढाला म्हणाली, "पप्पा, मार्क तेरानं वाढलेत, पर्सेंटाइल पडलंय. मी मागं चाललेय का पुढं?"

मला काय ठाऊक. पण संध्याकाळचं संकलन झाल्यावर हातात कॅल्क्युलेटर होता, आणि क्लासनं व्हॉट्सअॅपवर टाकलेली पूर्ण यादी मोबाईलमध्ये होती. नाव नाही, नुसता रोल नंबर आणि गुण. तिसऱ्या टेस्टला यादीत १८४ पोरं. पोरीच्या वर १६. म्हणजे तिच्यासकट खाली १६८. १६८ भागिले १८४, ९१.३०. हिशोब बरोबर. सहाव्याला यादीत २६२ पोरं. तिच्या वर ४२. २२० भागिले २६२, ८३.९७. हाही बरोबर. मग ही जादा ७८ पोरं अचानक आली कुठनं? रोल नंबर बघितले तर सगळे एकाच आकड्यानं सुरू होणारे. सोमवारी फोन केला. सर म्हणाले, "रिपीटर बॅच जॉईन झाली ना सेक्रेटरी, त्यांना पण ह्याच टेस्ट दिल्यात."

एक वर्ष आधीच सीईटी देऊन, वर्षभर फक्त हेच करत बसलेली पोरं. मी यादीतनं ती ७८ काढली. पोरीच्या वरच्या ४२ पैकी ३१ त्यांच्यातलीच. जुन्या १८४ मध्ये तिच्या वर आता फक्त ११. १७३ भागिले १८४, ९४.०२. म्हणजे ज्या पोरांशी ती डिसेंबरात तोलली गेली होती त्यांच्यात ती सतराव्या नंबरवरनं बाराव्यावर आली होती. पावतीच्या मागं लिहून दाखवलं तेव्हा कुठं ती जेवायला बसली.

क्लासनं ह्यात खोटं काही केलेलं नाही. रिपीटर घेतले, चांगलंच केलं, खऱ्या परीक्षेतही ते असतातच. पण रिझल्टवर एक ओळ टाकायची होती की आजपासून ७८ जण वाढलेत. एवढी एक ओळ. एकाच घरात सतरा-अठरा वर्षांचं पोर दोन दिवस उपाशी राहायचं थांबलं असतं.

शिवाय दोनशे-अडीचशे पोरांत पर्सेंटाइलचे दशांश छापण्यात अर्थ किती? १८४ पोरांत एक नंबर खालीवर झाला की अर्धा पर्सेंटाइल हलतं. कुणी तापानं आजारी पडून आला नाही, कुणाच्या घरी लग्न, की तुमचा आकडा बदलला. सीईटीला पीसीएमची चार लाखांवर पोरं बसतात, तिथं अर्धा पर्सेंटाइल म्हणजे दोन हजार पोरं. नाव एकच, पण एक वजन भाजीवाल्याच्या तागडीतलं आणि दुसरं साखर कारखान्याच्या काट्यावरचं.

आता शेवटचा रकाना, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. रिझल्टच्या कागदावर उजव्या टोकाला हिरव्या रंगात 'अंदाजित सीईटी पर्सेंटाइल'. पोरीचा ८३.९७ असतानाही त्या रकान्यात ९५ होते. शेवटच्या तीन टेस्टना ९६, ९६.५, ९६.५. घरात सगळे त्या हिरव्या आकड्याकडंच बघायचे. तिची आजी तर देवासमोर तो कागद ठेवायची. पालकसभेत मी विचारलं, हे काढता कसं? सरांनी मोकळेपणानं सांगितलं, ह्याबद्दल त्यांचं कौतुक. आदल्या वर्षांची त्यांची पोरं उत्तरतालिका लागल्यावर आपापले गुण मोजतात, मग निकालात पर्सेंटाइल येतं, दोन्ही जुळवून एक तक्ता केलाय. १३० ते १३५ गुण म्हणजे इतके, १३५ ते १४० म्हणजे तितके.

कल्पना वाईट नाही. पण तो तक्ता सीईटीच्या पेपरवरच्या गुणांचा आहे, ह्यांच्या टेस्टच्या गुणांचा नाही. क्लासचा पेपर सीईटीपेक्षा सोपा असेल तर १३५ ला काय किंमत? आणि सीईटीच्याच एका सत्रातले १३५ आणि दुसऱ्या सत्रातले १३५ एक पर्सेंटाइल देत नाहीत, त्यासाठीच तर हे सगळं पर्सेंटाइल काढलंय. तक्त्यात सगळी सत्रं एकाच पातेल्यात.

आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी मशीन दुरुस्त होऊन आलं आणि सगळ्या गावाची फॅट तीन पॉइंटनं, म्हणजे ०.३ नं, खाली. सकाळी साडेसहाला दारात पन्नास माणसं. मी काय केलं, जुनं गर्बरचं सामान काढलं, म्हणजे हातानं फॅट तपासायची जुनी पद्धत. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीत, दहा मिली आम्ल, त्यावर अलगद पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, नळी हातात चटका देते इतकी तापते, मग यंत्रात फिरवायचं. वर पिवळी धार जमते ती नळीवरच्या खुणांवर वाचायची. तेच दूध मशीनला लावलं, फरक दिसला, मशीन सेट केलं, लोक घरी गेले. मला क्लासला एवढंच विचारायचं होतं, तुमच्या पेपरचं गर्बर कुठाय? एखाद्या रविवारी सीईटीचा जुना, खऱ्या सत्राचा पेपर जसाच्या तसा पोरांना द्या, मग कळेल तुमचे १३५ म्हणजे तिथले किती. सर म्हणाले, जुने पेपर पोरांनी आधीच सोडवलेले असतात. हेही खरंच. पण मग हिरवा रकाना छापू नका ना.

हा प्रकार जगात कुठंच नीट नाही असं नाही. माझा चुलत भाऊ पुण्यात असतो, त्याची लेक अमेरिकेला शिकायला जायचं म्हणून सॅट देत होती. दिवाळीत आला तेव्हा मी त्याला पकडलाच. तिकडं ४०० ते १६०० असं माप. इंग्रजीचं ८०० पर्यंत, गणिताचं ८०० पर्यंत. परीक्षा घेणारी संस्था सरावाच्या टेस्ट आपल्याच अॅपवर फुकट देते. त्याची लेक म्हणाली, "काका, तिकडं त्या दिवशी कोण कोण बसलंय ह्यावर आपला स्कोअर ठरत नाही." प्रश्न आधीच तपासलेले असतात. खऱ्या परीक्षेत काही प्रश्न गुणांशिवाय मिसळलेले असतात, कुठले ते पोरांना कळत नाही. त्यावरनं प्रश्न किती अवघड हे मोजतात, आणि पेपर सोपा असला तर त्यातल्या चुकीला जास्त किंमत लावतात. पहिल्या भागात तुम्ही कसं केलं ह्यावर दुसरा भाग सोपा यायचा की अवघड हेही ठरतं. म्हणजे नुसती बरोबर उत्तरं मोजून स्कोअर सांगता येत नाही. ह्या पद्धतीवरही ओरडा झालाय. २०१८ च्या जूनमध्ये पेपर सोपा निघाला, थोड्या चुकांना भरपूर गुण गेले आणि पोरं चिडली. पण निदान त्यांच्याकडं नळीवर खुणा आहेत.

नीटवाल्यांची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, गोष्ट तिसरीच. शेजारच्या घरात नीटचं पोर आहे. तिथं सगळा देश एकाच दिवशी एकच पेपर देतो, ७२० पैकी गुण थेट हातात. सोपं वाटतं. पण २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी होते आणि २०२५ ला पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. शेजारच्या पोराच्या क्लासनं २०२४ चा तक्ता भिंतीवर लावून ठेवला होता. त्याची आई अजून त्या तक्त्याला शिव्या घालते.

आणखी एक चूक सांगून टाकतो, कारण ती तुमच्या क्लासातही असेल. ह्यांच्या कागदावर तीन विषयांचे तीन पर्सेंटाइल आणि खाली 'एकूण' म्हणून तिन्हींची सरासरी. सीईटीत तसं नसतं. एकूण पर्सेंटाइल हे एकूण गुणांवरनं वेगळं निघतं. पोरीच्या खऱ्या निकालात भौतिक ८९.६, रसायन ९४.१, गणित ९०.८ च्या आसपास. सरासरी काढली तर ९१.५ येते. निकालात एकूण ९३.२. घरात पहिली प्रतिक्रिया, "चूक झालीय, कुणाला सांगू नका, कमी करतील." मला हसू आवरेना. एकेका विषयात हुशार पोरं पुष्कळ असतात, तिन्हींत बऱ्यापैकी असणारी कमी; म्हणून सगळीकडं मधली असलेली पोरगी एकूणात थोडी वर सरकते.

तर हिशोब असा. क्लासच्या खोलीत तिचं पर्सेंटाइल शेवटी ८६ च्या आसपास होतं. हिरवा रकाना ९६.५ म्हणत होता. खरं आलं ९३.२, पुढं दशांशाचे सात आकडे, आमच्या फॅटला बिचारीला एकच. खोलीतला आकडा कमी, कारण खोलीत रिपीटर भरलेले. हिरवा जास्त, कारण पेपर सोपे. ९६.५ आणि ९३.२ मध्ये तेरा हजार पोरं उभी असतात. आम्ही मे महिनाभर ज्या कॉलेजांची नावं घेत होतो त्यातली पहिली चार जूनमध्ये यादीतनं गेली. पोरीनं मनाला लावून घेतलं नाही, तिच्या आजीनं घेतलं. पोरगी आता कोल्हापुरातच इंजिनिअरिंगला आहे, घरनं जाऊन-येऊन करते, सकाळी कधीमधी संस्थेत पावत्याही फाडते.

पाचपैकी साडेतीन देईन. हॉल, आडोसे, घड्याळ आणि कुठला प्रश्न का चुकला ह्याचा टेस्टनंतर देतात तो कागद, ह्याला पूर्ण गुण. त्या कागदावर प्रत्येक प्रश्नाला किती सेकंद लागले हेही असतं. पोरीचे चुकीच्या प्रश्नांवर बरोबर प्रश्नांच्या दुप्पट सेकंद जात होते हे त्यातनंच कळलं, आणि हे कुठल्याही पर्सेंटाइलपेक्षा तिच्या कामाला आलं. दीड गुण कापला तो बॅचची फुटाफूट, रिपीटरची न छापलेली ओळ आणि हिरवा रकाना ह्यांचा.

धाकटा यंदा बारावीला आहे. गेल्या आठवड्यात त्याच जिन्यावरनं त्याच चपलांतनं वर गेलो. फी आता पाच हजार. मी सरांना म्हटलं, शेवटचा रकाना आमच्या कागदावर छापू नका आणि त्याचे पाचशे कमी करा. ते हसले, म्हणाले, "सेक्रेटरी, बाकीचे पालक त्या रकान्यासाठीच तर पैसे देतात." दोनशे कमी केले. रकाना यायचाच आहे. मी घरी स्केच पेन आणून ठेवलाय.